निकम साहेबांच्या गोळ्या

निकम साहेबांशी बोलायचं असेल तर त्यांच्याबरोबर चालावं लागायचं. त्यांना केबिन होती, केबिनमध्ये फिरती खुर्ची होती. पण त्या खुर्चीवर कायम त्यांचं जर्किन असायचं. ते स्वतः मशीन शॉपमध्ये, नाहीतर स्टोअरला, नाहीतर गेटवर ट्रकवाल्याशी वाद घालत. मी सांगलीजवळ कुपवाडच्या एका कारखान्यात प्लॅनिंगला लागले, तेव्हा पहिल्याच आठवड्यात माझ्या चपलेचा अंगठा तुटला. त्यांनी चालता चालताच पाहिलं आणि म्हणाले, "मॅडम, इथं बूट घाला. इथं बसून काम होत नाही."

आमच्याकडे ट्रॅक्टरला आणि पंपाला लागणारे सुटे भाग व्हायचे. बिडाचं ओबडधोबड कास्टिंग बाहेरून यायचं. ते आमच्याकडे मापात आणून पुण्याकडच्या मोठ्या कंपन्यांना जायचं. तिकडची जुळणीची लाइन आमच्या मालावर चालायची. माल उशिरा पोचला की तिकडून मालकांना फोन, मालकांचा निकम साहेबांना, निकम साहेबांचा आवाज सुपरवायझरवर आणि सुपरवायझरचा ऑपरेटरवर. ऑपरेटरच्या खाली फक्त मशीन. मशीनला बोलून उपयोग नसतो, त्यामुळे ते बोलणं तिथंच थांबायचं, माणसाच्या पोटात.

निकम साहेब प्लँट मॅनेजर होते. गाव साताऱ्याकडच्या औंधच्या बाजूचं. घरात वडील, काका, थोरला भाऊ, सगळे मिलिटरीत. ह्यांची भरती उंचीवरून हुकली, मग कराडला डिप्लोमा केला. हुकलेली ती भरती त्यांनी आमच्या कारखान्यात पुरी करून घेतली, असं जुने कामगार म्हणायचे. अंगानं बारीक, केस बारीक कापलेले, खिशात कायम फुटाणे. चालता चालता फुटाणे खायचे. एखाद्याला फार बोलून झालं की थोड्या वेळानं परत त्याच्यापाशी जायचे आणि काही न बोलता मूठभर फुटाणे त्याच्या हातावर ठेवायचे. ती माफी होती. काहींना रोज फुटाणे मिळायचे.

ऑफिसात ते शुद्ध बोलायचा प्रयत्न करत. राग आला किंवा मनाला काही लागलं की गावाकडची बोली वर यायची. मग 'नाही'चं 'न्हाई' व्हायचं आणि समोरच्याला कळायचं की आता जपून राहायला पाहिजे.

सकाळची मीटिंग हा त्यांचा खरा दरारा. मशीन शॉपच्या तोंडाशी फळ्यासमोर सगळे सुपरवायझर उभे राहायचे. फळ्यावर कालचं टार्गेट, कालचं झालेलं काम आणि रिजेक्शन, म्हणजे मापात न बसल्यामुळे टाकून दिलेला माल. आकडे मी लिहायचे. साहेब एकेकाकडे बघून एकच शब्द विचारायचे, "का?" टूल तुटलं असं सांगितलं की परत, "का तुटलं?" कास्टिंग कडक होतं. "मग आधी का नाही बघितलं?" असं करत करत तो माणूस अशा जागी पोचायचा, जिथं त्याच्याजवळ उत्तर उरायचं नाही. मग साहेब म्हणायचे, "कारण नको मला. माल कधी देतो ते सांग." तो माणूस सुटण्यासाठी काहीतरी वेळ सांगायचा. ती पाळता यायची नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा, "का?"

ते स्वतःलाही सोडत नव्हते. एकदा पुण्याकडची लाइन बंद पडायची वेळ आली आणि आमचा ट्रक वाटेत नादुरुस्त झाला. साहेबांनी स्वतःच्या गाडीची मागची सीट काढून टाकली, पेट्या भरल्या आणि निघाले. त्याच दिवशी त्यांच्या मुलीला बघायला पाहुणे येणार होते. ही गोष्ट मला पुढं त्यांच्या बायकोनं, मंगलवहिनींनी, सांगितली. पाहुण्यांनी विचारलं, मुलीचे वडील कुठं आहेत? वहिनी म्हणाल्या, माल पोचवायला गेलेत. पाहुण्यांना वाटलं, ड्रायव्हर असतील. ते लग्न काही ठरलं नाही. वहिनी हे हसत सांगत होत्या, पण सांगून झाल्यावर त्या उगीचच स्वयंपाकघरात गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत.

त्या वर्षी एक मोठी नवी ऑर्डर आली. मालकांच्या मुलानं, म्हणजे धाकट्या मालकांनी, ती आणली होती आणि तिच्यासाठी वाटेल ते कबूल करून आले होते. मशीनं तीच, माणसं तीच. कामगार सलग दोन पाळ्या करू लागले. साहेबांच्या डोळ्यांखाली काळं दिसू लागलं, फुटाण्यांचं प्रमाण वाढलं आणि मीटिंग लांबू लागली. फळ्यावर मी रोज लिहीत होते म्हणून मला ते दिसत होतं: मीटिंग जितकी लांबायची तितकं रिजेक्शन वाढायचं. काम वाढत होतं, पण त्यातलं टाकूनही तितकंच द्यावं लागत होतं. चुकीच्या मापाचा माल, मशीनवर उलटा लावलेला जॉब, पाडायचं राहून गेलेलं भोक. कधी न चुकणारी माणसं चुकत होती.

त्यातला बाळू खोत आमचा सर्वांत भरवशाचा सुपरवायझर. कवठेपिरानचा, शांत, कामात नेटका. एका सकाळी साहेबांनी त्याला विचारलं, "का?" बाळू फळ्याकडे बघत राहिला. साहेबांनी पुन्हा विचारलं. बाळूनं हातातलं मापाचं साधन फळ्याच्या कडेला ठेवलं, डोक्यावरची टोपी काढून त्याच्याशेजारी ठेवली आणि तो चालत गेटबाहेर गेला. मोटरसायकल सुरू झाल्याचा आवाज आला. सगळ्यांना वाटलं, चहा पिऊन येईल. तो आला नाही, घरीही पोचला नाही, फोन बंद. संध्याकाळी त्याची बायको, सुमन, गेटवर येऊन उभी राहिली. साहेब तिच्याशी बोलायला गेले आणि खिशातले फुटाणे चाचपत उभे राहिले.

दुसऱ्या दिवशी साहेबांच्या चुलतभावाचा औंधहून फोन आला. यमाईच्या डोंगरावर एक माणूस कालपासून बसून आहे, अंगावर तुमच्या कंपनीचा शर्ट आहे. साहेबांनी लगेच गाडी काढली. सुमनला एकटीला अवघडल्यासारखं होईल म्हणून मलाही बरोबर घेतलं. पुसेसावळीच्या रस्त्यानं गाडी चालली होती आणि साहेबांचा फोन सारखा वाजत होता. ते उचलत होते, "पाठवतो, पाठवतो" म्हणत होते आणि ठेवत होते. मागं सुमन पदराचं टोक पिळत बसली होती. शेवटी साहेबांनी फोन बंद केला. तो बंद करता येतो हेच जणू त्यांना नवीन होतं. दोनदा स्क्रीनकडे बघितलं आणि मग तो खणात टाकला.

बाळू देवळाच्या खालच्या पायऱ्यांवर बसला होता. सेफ्टीचे जड बूट काढून शेजारी नीट जोडून ठेवले होते. आम्हाला बघून तो उठला नाही, घाबरलाही नाही. सुमन त्याच्याजवळ जाऊन बसली. साहेब समोर उभे राहिले, या पायावरून त्या पायावर होत. सवयीनं त्यांच्या तोंडून निघालंच, "बाळू, का—"

बाळू म्हणाला, "साहेब, का म्हणून इचारू नका. तेवढं सोडून काय बी इचारा."

साहेबांनी खिशात हात घातला, फुटाणे काढले आणि हात पुढं केला. बाळूनं त्याकडे बघितलं, पण घेतले नाहीत. मग तो हळूहळू बोलायला लागला. मापं डोळ्यांना दिसतात, पण डोक्यात थांबत न्हाईत, म्हणाला. एकच माप सारखं सारखं बघतो आणि सोडलं की इसरतो. झोप लागत न्हाई. जेवायला बसलं की साहेबांचा आवाज येतो.

"माझा?" साहेबांनी विचारलं.

"व्हय. तुमी नसताना बी येतो."

साहेबांच्या मुठीत फुटाणे तसेच होते. ते पायऱ्या उतरून खाली गेले, पुन्हा वर आले, पुन्हा गेले. देवीला आलेली माणसं त्यांच्याकडे बघत होती. शेवटी वर येऊन म्हणाले, "चल घरी. कामावर नको येऊ. नुसतं घरी चल."

परतीच्या वाटेवर एका मोकळ्या जागी त्यांनी गाडी थांबवली आणि उतरून उसाच्या बांधाकडेनं चालत गेले. बाळूला झोप लागली होती, सुमनच्या खांद्यावर. मी साहेबांच्या मागं गेले, कारण ते फार लांब चालले होते. ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "मॅडम, आवाज मला बी येतो. मालकांचा. अंघोळ करताना बी येतो." ते थोडं आणखी चालले आणि मग वळले.

बाळूला डॉक्टरकडे न्यायचं ठरलं. मिरजेत मानसोपचाराचे एक डॉक्टर होते, साहेब आणि सुमन त्याला तिकडं घेऊन गेले. तिथं काय झालं ते पुढं बाळूनंच सगळ्यांना सांगितलं, म्हणून ते कारखान्यात पाठ झालेलं आहे. दवाखान्याच्या बाकावर बसल्यावर बाळू अडून बसला. हे येड्यांचं डॉक्टर, मी आत जाणार न्हाई, माझ्या पोरींची लग्नं व्हायची हाईत, म्हणाला. सुमन समजावून थकली. नंबर आला, नर्सनं नाव पुकारलं. साहेब उठले आणि म्हणाले, "थांब, मी आधी जाऊन येतो. बघ, काही होत नाही. दोन मिनिटांत येतो."

ते आत गेले आणि आलेच नाहीत. मागचे पेशंट कुरकुर करायला लागले. बाळूला काळजी वाटायला लागली. अखेर दार उघडलं तेव्हा साहेबांचे डोळे लाल होते, हातात स्वतःच्या नावाचा कागद होता आणि त्यावर गोळ्या लिहिलेल्या होत्या. बाळूशेजारी बाकावर टेकून ते म्हणाले, "जा आता. चांगला माणूस हाय. मधी बोलत न्हाई." मग बाळू गेला.

तोवर कारखान्यात बाळू खोताला वेड लागल्याची बातमी पसरली होती. त्याच्या हाताखाली काम नको असं दोघातिघांनी सुचवूनही झालं होतं. बाळू परत कामावर आला त्या सकाळी साहेब फळ्यासमोर आले आणि त्यांनी फळ्याकडे पाठ केली.

"बाळू वेडा नाही," ते म्हणाले. "आणि असला तर मग मी पण हाय. आमी दोघं एकाच डॉक्टरकडं जातो." त्यांनी खिशात हात घातला आणि फुटाण्यांबरोबर गोळ्यांची पट्टी बाहेर काढून दाखवली. तिला फुटाण्याची सालं चिकटली होती. "ह्या माझ्या. रोज घेतो. कुणाला काही बोलायचं असलं तर आत्ता मला बोला, त्याच्या मागं नको."

सातारा-सांगलीकडचा माणूस गुडघा दुखतो म्हणून चार लोकांत सांगेल, साखर आहे म्हणून चहा नाकारेल. पण झोप लागत नाही, छाती धडधडते, रडू येतं, हे तो बायकोलाही सांगत नाही. आणि इथं मिलिटरीवाल्यांच्या घरातला, सगळ्यांना घाम फोडणारा माणूस गोळ्यांची पट्टी हातात धरून उभा होता. माझ्या हातात खडू होता आणि त्या दिवशी आकडे लिहायचे राहूनच गेले.

दुपारी मेंटेनन्सचा एक फिटर साहेबांबरोबर चालताना दिसला. दुसऱ्या दिवशी स्टोअरचा माणूस. मग हे चालूच राहिलं. काम काही नसताना माणसं त्यांच्याबरोबर शॉपच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत जात, हळू आवाजात काही विचारत आणि परत आपल्या जागी जात. मिरजेच्या त्या डॉक्टरांचा पत्ता साहेब तोंडानं सांगायचे, आणि कुणी सांगितलं ते कुणाला सांगू नको म्हणायचे.

मीटिंगमधला 'का' गेला. त्याच्या जागी "कुठं अडलंय?" आलं. सुरुवातीला साहेबांना ते जड जायचं; 'का' ओठांवर यायचा आणि ते घोट गिळल्यासारखा तो गिळायचे. सलग दोन पाळ्या त्यांनी बंद केल्या. पहिल्या महिन्यात काम एकदम खाली आलं. धाकट्या मालकांचे फोन वाढले. साहेब तो फोन घेऊन कंपाउंडला फेऱ्या मारायचे आणि राग पुरता उतरल्याशिवाय शॉपमध्ये पाऊल टाकायचे नाहीत. मग हळूहळू फळ्यावरचं रिजेक्शन उतरलं. तयार माल पहिल्याएवढाच, नंतर थोडा जास्तच जाऊ लागला. पण धाकट्या मालकांनी कबूल केलेला आकडा त्याहून बराच वर होता आणि त्यांना तेवढाच दिसत होता.

गोळ्यांची बातमी धाकट्या मालकांपर्यंत पोचायची ती पोचलीच. एक दिवस ते आले. आकडे दाखवायला म्हणून मलाही केबिनमध्ये बोलावलं होतं. धाकटे मालक वाईट माणूस नव्हते. त्यांनाही रोज कुणीतरी फोनवर ओरडत होतंच. ते म्हणाले, बाळू खोताला मशीन शॉपमधून काढून गोडाऊनला टाका, उद्या काही झालं तर जबाबदारी कुणाची? साहेब म्हणाले, माझी. त्यावर धाकटे मालक थोडे घुटमळले आणि मऊ आवाजात म्हणाले, "साहेब, तुम्ही ते गोळ्यांचं कामगारांना धीर द्यायला म्हणालात ना? तसं असेल तर विषय संपला. मी वडिलांना तसं सांगतो."

मी साहेबांकडे बघितलं. नुसतं 'हो' म्हटलं असतं तर सगळं होतं तसं राहिलं असतं. पेन्शनीला आलेलं वय, मुलीचं लग्न अजून व्हायचं. ते केबिनमध्येसुद्धा येरझाऱ्या घालत होते, त्या थांबल्या.

"नाही," ते म्हणाले. "गोळ्या माझ्या आहेत."

धाकट्या मालकांनी माझ्या हातातल्या आकड्यांकडे पाहिलंही नाही. महिन्याभरात साहेबांच्या वर एक तरुण मॅनेजर आला. साहेबांना विश्रांती घ्या असं सांगण्यात आलं आणि विश्रांतीचा अर्थ त्यांना कळला. जाताना त्यांनी एकच गोष्ट मागून घेतली, बाळू जागेवर राहिला पाहिजे. तो राहिला, नव्या मॅनेजरला त्याच्याशिवाय शॉप चालवता येईना, हेही खरं. निरोपाचा कार्यक्रम साहेबांनी करू दिला नाही. शेवटच्या दिवशी ते प्रत्येक मशीनपाशी गेले आणि प्रत्येकाच्या हातावर फुटाणे ठेवले. त्या दिवशी कुणाला बोलले नव्हते तरीही. बाळूनं घेतले आणि तिथंच उभ्यानं खाल्ले.

ते साताऱ्याला राहायला गेले. नंतर बरेच महिने, महिनाअखेर आली की मला त्यांचा फोन यायचा. इकडचं तिकडचं विचारून झालं की आवाज जरा खाली आणून विचारायचे, "मॅडम, माल गेला का?" एकदा फोन वहिनींनीच लावला. म्हणाल्या, "वैशाली, ते विचारतील तेव्हा गेला म्हणून सांगत जा गं. नसला गेला तरी. त्या रात्री झोपतात तरी." मी तसं सांगायला लागले. पुढं मीही ती नोकरी सोडली. नव्या ठिकाणी मला आठवड्याची सुट्टी खरोखर मिळायची आणि पहिल्या सुट्टीला मला घरात काय करावं ते कळेना. साहेबांचे फोन विरळ झाले, मग थांबले. एकदाच मुलीच्या लग्नाची पत्रिका आली. मला जायला जमलं नाही.

मागच्या वर्षी कामानिमित्त साताऱ्याच्या एमआयडीसीत गेले होते. काम सोमवारी होतं, मी रविवारीच पोचले होते; रस्ते मोकळे होते. रिक्षा एका वळणाशी आली तेव्हा समोरून एक स्कूटर डुगडुगत येताना दिसली. स्कूटरवर मंगलवहिनी. साडीचा पदर कमरेला खोचलेला, दोन्ही कोपर ताठ, नजर पुढच्या चाकावर. मागं साहेब, मागचं हँडल धरून धावत होते. केस पांढरे झाले होते, शर्ट घामानं पाठीला चिकटला होता. "ब्रेक, ब्रेक," असं ओरडत होते आणि लगेच "आता नको, आता नको" असंही ओरडत होते.

"आवं, सोडा की आता," वहिनी म्हणाल्या.

"पडशील."

"पडले तर पडले. सोडा."

मी रिक्षावाल्याला थांबायला सांगितलं. हाक मारणार होते, पण मारली नाही. साहेबांनी हात सोडला. स्कूटर एका बाजूला कलली, सावरली आणि पुढं गेली. ते आणखी थोडे धावले आणि मग रस्त्याच्या मधोमध कमरेवर हात ठेवून, धापा टाकत उभे राहिले. वहिनी पुढच्या वळणावरून दिसेनाशा झाल्या तरी ते तिकडंच बघत होते.